आक्काला खोली पाहिजे

घराचा विषय काढला की धाराशिवात कुणीही गप्प बसत नाही. ज्याच्याकडं घर आहे त्याच्याकडं एक किस्सा असतो, ज्याच्याकडं नाही त्याच्याकडं दहा! माझ्याकडं तर न मागता येऊन पडलेत, कारण मी माळवदं दुरुस्त करतो. सरकारी कागदावर आमच्या गावाला उस्मानाबाद म्हणतात, पण छप्पर कागदाचं नसतं. ते मातीचं असतं. खाली तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. दर उन्हाळ्यात वरनं नवी माती घालायची, नाहीतर पावसाळ्यात घरातच तळं.

आमची टोळी तिघांची. महेबूब उस्ताद गवंडी. माझी थोरली बहीण गंगाआक्का माती कालवून पाट्या वर देणारी. आणि पडेल ते काम करणारा मी. तिघांनी मिळून निम्मं गाव वरून बघितलंय.

मोठ्या माणसांबद्दल असं लिहू नये, असं मला दोघातिघांनी सांगितलं. मग मोठ्यांनी असं वागू नये!

* * *

आधी माझ्या शाळेचं सांगतो, म्हणजे एकदाचं ते संपेल.

निजामाचं राज्य, त्यामुळं सगळी शाळा उर्दूत. मास्तरांनी एकदा 'हमारा मकान' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. पोरांनी आंगण लिहिलं, बगीचा लिहिला, एकानं तर कारंजं लिहिलं. तो खाटकाच्या मागच्या बोळात राहायचा! मी दोन ओळी लिहिल्या. 'हमारा मकान नहीं है। किराये का एक कमरा है, उस में छे लोग हैं।'

मास्तरांनी वाचलं. "बाकी आठ ओळी?"

मी म्हणालो, "साहब, कमरे में जगा नहीं है।"

छडी मोडेपर्यंत मारलं. कारंजंवाल्याला शाबासकी. मी पाटी तिथंच ठेवली आणि निघालो. बाबांना वाटलं, चार दिवसांनी जाईल परत. त्याला तीन वर्षं झाली.

* * *

मागच्या दिवाळीत आक्का जळकोटहून आली. नवऱ्यानं तिला न विचारता दुसरी बायको आणली होती. आक्कानं त्याला काही विचारलं नाही. लोखंडी पेटी डोक्यावर घेतली, चार वर्षांच्या लेकीला, शेवंताला, काखोटीला मारलं आणि आली. सहाचे आम्ही आठ झालो.

आमच्या खोलीला खिडकी नाही. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं एक भोक, त्याला सवणं म्हणतात, तेवढीच काय ती हवा. त्या सवण्याच्या बरोबर खाली बाबांची खाट. बाबा कचेरीत चपराशी. दिवसभर साहेबासमोर उभं राहायचं आणि घरी आलं की आडवं व्हायचं. "कर्त्या माणसाला हवा लागते," असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या सात जणांना बहुतेक धूर लागत असावा!

चैत्रात बाबांनी खाटेवरूनच निकाल दिला. "गंगे, मिरगाला जावई न्यायला येणार. पेरणीला हात पाहिजेत त्यांना. जायचं."

"म्या जाणार न्हाय."

"मग ऱ्हाणार कुठं? हितं जागा हाय का?"

आक्कानं खोलीभर नजर फिरवली. "जागा हाय बाबा. तुमी तिच्यावर झोपलाव."

आई चुलीकडं तोंड करून हसली. बाबा उठून बसले, ही मोठीच गोष्ट. म्हणाले, "मिरगाच्या आत सोताची खोली बघितलीस तर ऱ्हा. न्हायतर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

आक्का म्हणाली, "ठरलं."

बाबांना वाटलं, एकट्या बाईला धाराशिवात कोण खोली देतंय? खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं.

* * *

पहिलं विचारलं ते एका वकीलसाहेबांना. त्यांचं माळवद आम्ही दोन दिवसांत केलं. साहेब लायब्ररीत भाषणं देतात. स्त्रियांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, यावर त्यांचं दीड तासाचं भाषण मी स्वतः ऐकलंय. त्या दीड तासात समोर एकही बाई नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मागच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या रिकाम्या. आक्कानं विचारलं.

साहेब एकदम गंभीर झाले. "हे बघा बाई, माझी काहीच हरकत नाही. मी या विचारांचाच आहे. पण आमच्या घरातल्यांना चालणार नाही."

आतनं वहिनीसाहेबांचा आवाज आला. "माझं नाव कशाला घालता मध्ये? मला तर बरंच आहे, सोबत होईल!"

साहेब खाकरले. "घरातले म्हणजे... वडील. वडिलांना पटायचं नाही."

आक्कानं वर बघितलं. वडील भिंतीवर होते. फ्रेममध्ये. हार घातलेले.

बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "बरं झालं भिंतीवर हायत. खाली असते तर आजून एक खोली आडवून बसले असते."

* * *

माळवदावर चढायच्या आधी उस्ताद चारी दिशांना तोंड करून आरोळी ठोकतात. "चढ रहे हैं, परदा कर लो!" मग आजूबाजूच्या आंगणातल्या बायका आत जातात आणि आम्ही चढतो. ही जुनी रीत. उस्ताद ती कधी चुकवत नाहीत.

पण आक्काला परदा कशाचा? बाईच वर, बाईच खाली. ती बिनधास्त कडेला उभी राहून बघायची. कुणाच्या आंगणात काय वाळत घातलंय, कुणाच्या किती खोल्यांना कुलूप आहे, कुठल्या खोलीत नुसती सरकी भरलीय. महिन्याभरात तिला सगळ्या गावाच्या रिकाम्या खोल्या तोंडपाठ झाल्या. मला म्हणायची, "बाळ्या, गावात जागा न्हाय असं म्हणणारे समदे खाली उभे ऱ्हाऊन बोलत्यात बघ."

अशीच एक खोली मुन्शीजींच्या आंगणात दिसली. मुन्शीजींची आई, बडी बी, आक्कावर खूश. "दे देती मैं कमरा. शरीफ दिखती तू. लेकिन एक शर्त. मर्द का साया नक्को यहाँ. भाई भी नक्को आना."

"माझा भाऊ बी न्हाय?"

"नक्को."

त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या गल्लीत एका सावकाराच्या घरी विचारलं. ते म्हणाले, "खोली देतो की. पण घरात कर्ता पुरुष पाहिजे."

आक्का पायरीवर बसली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि म्हणाली, "एकाला नवरा पाहिजे, एकाला भाऊ बी नको. आता अर्धा माणूस कुठनं आणू?"

* * *

उस्तादांना हे सगळं बघवेना. एका दुपारी भाकरी सोडताना ते म्हणाले, "बेटी, छोड सबकू. मेरे आंगन में एक कोठडी है. सामान हटाता मैं. आ जा."

आक्का लगेच हो म्हणाली. मी पेटी उचलायला निघालोच होतो.

तेवढ्यात आमच्या खोलीत बाबा उठले. "मुसलमानाच्या घरी? लोक काय म्हणतील?" आणि तिकडं उस्तादांचे थोरले भाऊ उठले. "हिंदू की बेटी घर में? लोगाँ क्या बोलेंगे?" दोघंही एकमेकांना थोपवायला निघाले आणि चौकातल्या हॉटेलापाशी समोरासमोर आले. वीस वर्षं एकाच गावात राहून दोघं कधी एका शब्दानं बोललेले नव्हते.

त्या दिवशी दोघांनी बसून चहा घेतला! एकमेकांचं अगदी पटलं त्यांना. अर्ध्या तासात माझ्या बहिणीची खोली गेली. गावातल्या मोठ्या माणसांची एवढी एकी मी दुसऱ्या कुठल्या कामात बघितलेली नाही.

उस्ताद दोन दिवस खाली मान घालून काम करत होते. आक्काच त्यांना म्हणाली, "उस्ताद, तुमी का मान घालताव? दुसरी बघू."

* * *

दिगंबरराव म्हणजे पेन्शनीतले पटवारी. मूळचे तेरचे. त्यांचा हट्ट, माळवदाला माती पाहिजे तर तेरचीच. तिथल्या जुन्या पांढऱ्या टेकाडाची माती लोण्यासारखी बसते, थेंब आत येऊ देत नाही, असं ते छाती काढून सांगतात. मग गाडी जुंपून तेरहून माती आणली.

आक्कानं त्यांनाही विचारलं होतं. दिगंबररावांनी पाऊण तास चौकशी केली. माहेर कुठलं, सासर कुठलं, देवक कोणतं, नवऱ्यानं टाकलं की नवऱ्याला टाकलं, मामा काय करतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू. अनोळखी बाईला घरात घेणं म्हणजे विचार करावा लागतो."

दुसऱ्या दिवशी आक्का आंगणात पायानं माती तुडवत होती. पायाला काहीतरी टोचलं. काढून बघितलं तर बोटाएवढी मातीची बाई! हात तुटलेले, कानात थोरली कुंडलं, तोंडावर झकास हसू. कधीची कोण जाणे. तेरच्या मातीत असलं निघतं म्हणतात.

दिगंबररावांनी ती हातात घेतली आणि त्यांचे डोळेच भरून आले. "देवी! माझ्या घरी चालत आली!" लगेच धुतली. कोनाडा सारवून घेतला. हळद-कुंकू, फूल, उदबत्ती. घरातल्या सगळ्यांना पाया पडायला लावलं.

आक्का चिखलाच्या पायांनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, हिला नवरा कुठाय ते इचारलं का?"

* * *

मिरगाला आठ दिवस राहिले तेव्हा आम्ही संगाप्पा शेठच्या कामावर गेलो. शेठची भुसाराची आडत. पुढं त्यांचं राहतं घर, त्याला लागून भाड्याच्या बारा खोल्या ओळीनं, आणि सगळ्यांवर मिळून एकच लांबलचक माळवद.

उस्तादांनी माती किती आहे ते बघायला पहार खुपसली. ती कोपरभर आत गेली! नवी माती घालताना जुनी खरवडून काढायची असते, हे कुणालाही कळतं. इथं कुणी कधी काढलेलीच नव्हती.

"शेठ, ये छत नहीं, खेत है. जवारी बो दो इस में."

शेठ म्हणाले, "वरची माती माझी. तिच्याखालची वडिलांची. तिच्याखालची आज्याची. बापाची माती काढून उकिरड्यावर टाकू? असलं कोण करतंय?"

त्यांच्या आज्याच्या आणि बापाच्या वजनानं सातव्या खोलीची तुळई वाकली होती. खोलीच्या बरोबर मध्यभागी एक टेकू दिला होता. आधीचं बिऱ्हाड एका कारकुनाचं. त्यानं दोन वर्षं त्या टेकूला पोराचा पाळणा बांधला, मग जीव मुठीत धरून पळाला. खोली रिकामी होती.

आक्का म्हणाली, "शेठ, ही खोली मला द्या."

"पडायला आलीय ती."

"मग दुसरी द्या."

"दुसरी रिकामी न्हाय."

"मग हीच द्या. टेकूसकट."

शेठ वैतागले. "एकट्या बाईला खोली देत न्हाय आमी. चांगलं बिऱ्हाड मिळालं की मगच देणार."

"म्हंजे चांगल्या माणसावर पडल्यालं चालतंय!"

शेठच्या बायकोला, नीलव्वाला, हसू आवरेना. तिचं माहेर कानडी मुलखातलं. ती नवऱ्याला म्हणाली, "कोडरी." द्या हो, म्हणजे.

शेठ म्हणाले, "सुम्म कूड." म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायची गरज पडली नाही. नीलव्वा आत गेली. पण जाताना तिनं शेठकडं जे बघितलं, ते मी बघितलं.

* * *

आता शेवटचा किस्सा.

मिरगाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी जावई गाडी घेऊन आला. बाबांनी त्याला खाट दिली! आठ महिने जी खाट कुणासाठी हातभर सरकली नाही, ती एका मिनिटात झटकून, वर घोंगडी अंथरून दिली. "उद्या न्याहारी करून निघा," म्हणाले. आक्का सकाळी उठली, शेवंताला कडेवर घेतलं आणि नेहमीसारखी कामावर आली.

संगाप्पा शेठच्या माळवदाचं काम संपत आलं होतं. राहिला होता फक्त देवघरावरचा चौकोन.

हे जरा सांगावं लागेल. देवाच्या डोक्यावर माणसाचा पाय पडू नये म्हणून देवघराच्या वर, माळवदावर, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवतात. त्या दगडांच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही. गवंड्यानं पण नाही! म्हणजे सगळ्या माळवदाला दर साली माती मिळते आणि देवघराला लांबून फेकलेली दोन मुठी. धाराशिवात कुणाचंही घर बघा, सगळ्यात जास्त गळतं ते देवघर. माणसं कोरडी आणि देव ओले. हे तीन पिढ्या चाललंय, आणि एकाही शहाण्याला त्यात काही चूक वाटलेली नाही.

पण या वेळी शेठ अडचणीत होते. मिरग निघाल्यावर पहिल्या सोमवारी मठाचे स्वामी पूजेला यायचे होते, आणि बसायचे ते त्याच देवघरात. आदल्याच आठवड्यात वळवाच्या दोन सरी आल्या तर आत पितळी घंगाळं ठेवायची वेळ आली होती. स्वामींच्या डोक्यावर घंगाळ धरायचं का?

शेठ म्हणाले, "पक्कं करा. पण पाय लागायचा न्हाय."

उस्ताद म्हणाले, "तो क्या उड के करूँ?"

मी म्हणालो, मी उतरतो आत, काय व्हायचं ते होऊ दे. शेठ माझ्या अंगावर धावले.

आक्का पुढं आली. दगडांच्या बाहेर गुडघे टेकले आणि चौकोनावर सरळ पालथी पडली. पाय बाहेर, पोट, हात आणि डोकं आत. "पाय लागलाय का शेठ? बघा."

शेठनं वाकून बघितलं. पायाचा नियम होता, पोटाचा नव्हता! ते पुटपुटत खाली पूजेला गेले.

आक्कानं खुरप्यानं जुनी माती ओढून काढली. चार बोटंच होती. खालची फळी कुजून वहीच्या पानासारखी झालेली. तीही काढली. खाली देवावर लख्ख ऊन पडलं. आक्कानं त्या भोकात तोंड घातलं.

"शेठ."

शेठ कपाळाला भस्म लावून बसले होते. त्यांनी वर बघितलं. देवाच्या बरोबर वर माझ्या बहिणीचं तोंड.

"सात नंबरची किल्ली द्या."

"आधी ते भोक बुजव!"

"बुजवते की. किल्ली द्या."

"दुसरा गवंडी आणतो मी!"

उस्ताद कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी शांतपणे विडी पेटवली. "ले आव, शेठ. बिन पाँव का गवंडी मिला तो मेरेकू भी दिखाव."

अकराही बिऱ्हाडं आंगणात जमली होती. शेठ बाहेर बघायचे, वर बघायचे, देवाकडं बघायचे. देव काही बोलला नाही. नीलव्वा बोलली. "किती येळ देव उघडा ठेवताव हो? लाज वाटू द्या!" देवघरात येऊन तिनं कमरेचा जुडगा सोडला, एक किल्ली काढली आणि भोकातनं वर भिरकावली. पहिल्यांदा ती घंटेला लागून खाली पडली. दुसऱ्यांदा आक्कानं झेलली.

पदराला गाठ मारली आणि पुन्हा पालथी पडली. मी नवी फळी दिली, उस्तादांनी कालवलेली माती सरकवली. आक्का दोन्ही हातांनी माती चोपत होती तेव्हा आंगणात गाडी आली. बैलांपुढं बाबा आणि जावई.

बाबा खालून ओरडले, "गंगे, उतर खाली! गाडी जुपलीय, जावई खोळंबलेत."

आक्कानं मान वर केली नाही. कडेची माती दाबत दाबत म्हणाली, "गाडी जुपलीच हाय तर बाबा, तुमच्या खोलीतनं माझी पेटी तेवढी घालून आणा."

जावयानं बाबांकडं बघितलं. बाबांनी बैलांकडं.

आणि नीलव्वा दारातनं म्हणाली, "सात नंबर डाव्या हाताला हाय हो, जावईबापू!"